विकास प्रकल्पांच्या अंदाजपत्रकात अपंग व्यक्ती नेमक्या कुठे असतात?

दीर्घिका (धागालेखक)

आंतरराष्ट्रीय विकास साहाय्यातून उभ्या राहणाऱ्या प्रकल्पांची कागदपत्रे वाचली, तर 'महिला, मुले, वृद्ध, अपंग आणि इतर दुर्बल घटक' ही यादी पहिल्या काही पानांत एका दमात म्हटलेली आढळते. पुढे महिलांसाठी काही निर्देशक असतात, मुलांसाठी एखादा उपक्रम असतो. अपंग व्यक्तींची मात्र त्या कागदपत्रात बहुधा पुन्हा गाठ पडत नाही. खर्चाच्या तक्त्यात त्यांच्यासाठी ओळ नसते, कंत्राटाच्या अटींत त्यांचा उल्लेख नसतो आणि प्रकल्प संपल्यावर त्यांच्यापर्यंत काय पोहोचले, हे तपासण्याची तजवीजही कोणी केलेली नसते. या तफावतीविषयी चर्चा व्हावी, म्हणून हा धागा काढत आहे.

तत्त्वाच्या पातळीवर आता फारसा वाद उरलेला नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारला आणि ३ मे २००८ रोजी तो अमलात आला. त्याचे ३२ वे कलम केवळ आंतरराष्ट्रीय सहकार्याविषयी आहे, आणि विकास कार्यक्रम अपंग व्यक्तींना सामावून घेणारे व त्यांना वापरता येण्याजोगे असावेत, ही अपेक्षा त्यात स्पष्टपणे नोंदवलेली आहे. २००० सालानंतर ठरलेल्या सहस्रक विकास उद्दिष्टांत अपंगत्वाचा उल्लेखच नव्हता. २०१५च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत शिक्षण, रोजगार, विषमता, शहरे आणि आकडेवारी या संदर्भांत तो आला. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वतःच्या सर्व संस्थांसाठी अपंगत्व समावेशन धोरणही जाहीर केले. धोरणांची कमतरता आहे, असे म्हणता येणार नाही.

प्रश्न पैशांपाशी सुरू होतो. प्रमुख देणगीदार देश ज्या ओईसीडीच्या (आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या) विकास साहाय्य समितीत आहेत, तिने २०१८ मध्ये अपंगत्वासाठी एक चिन्हांकन पद्धत आणली. प्रत्येक प्रकल्पाला ०, १ किंवा २ गुण द्यायचे. अपंग व्यक्तींचे समावेशन हेच मुख्य उद्दिष्ट असेल तर २, महत्त्वाचे पण मुख्य नसलेले उद्दिष्ट असेल तर १, आणि तपासणीअंती तसे उद्दिष्ट नाही असे आढळले तर ०. ही पद्धत ऐच्छिक आहे आणि गुण देणारा देश स्वतःच असतो. त्यातली खरी अडचण १ या गुणात आहे, कारण तो मिळाला की प्रकल्पाची संपूर्ण रक्कम समावेशक म्हणून मोजली जाते; त्यातला किती भाग प्रत्यक्षात समावेशनावर खर्च झाला, हे त्या आकड्यावरून कळत नाही. कित्येक प्रकल्पांना तर गुणच दिलेले नसतात, आणि तपासून दिलेला शून्य व न तपासता सोडलेली रिकामी जागा यांतला फरक आकडे वाचणाऱ्यांच्या सहज नजरेआड होतो.

एप्रिल २०२५ मध्ये बर्लिन येथे जागतिक अपंगत्व शिखर परिषद झाली. तिच्या अम्मान-बर्लिन जाहीरनाम्यात देशपातळीवरील आंतरराष्ट्रीय विकास कार्यक्रमांपैकी किमान १५ टक्के कार्यक्रमांचे उद्दिष्ट अपंगत्व समावेशन असावे, असे लक्ष्य मांडले गेले. लक्ष्य चांगलेच आहे. पण वर सांगितलेल्या मोजणीने ते गाठायचे ठरवले, तर एकही अंदाजपत्रक न बदलता, फक्त गुण उदारपणे देऊन ते गाठता येईल, अशी शंका मला वाटते. प्रकल्पांचे आराखडे, निविदा, सर्वेक्षणे किंवा मूल्यमापन यांच्याशी ज्यांचा जवळून संबंध येतो, त्यांनी समावेशन नेमके कोणत्या टप्प्यावर गळते, हे लिहावे अशी विनंती.

मोजदाद

विषय नेमका मांडल्याबद्दल आभार. मी सर्वेक्षणांच्या बाजूने लिहितो, कारण अंदाजपत्रकात ओळ का नसते याचे एक उत्तर तिथे सापडते. ज्यांची संख्या शून्याजवळ दिसते, त्यांच्यासाठी कोणी पैसे मागत नाही.

'आपल्या घरात कोणी अपंग आहे का?' असा थेट प्रश्न विचारला, की उत्तर बहुधा 'नाही' असे येते. त्यामागे लाज असते, लेबल लागण्याची भीती असते आणि म्हातारपणी कमी दिसणे किंवा ऐकू न येणे म्हणजे अपंगत्व नव्हे, ही समजूतही असते. अपंगत्वाची आकडेवारी सुधारण्यासाठी २००१ मध्ये स्थापन झालेल्या वॉशिंग्टन गटाने म्हणूनच सहा प्रश्नांचा संच तयार केला. पाहणे, ऐकणे, चालणे किंवा पायऱ्या चढणे, आठवणे किंवा लक्ष एकाग्र करणे, स्वतःची काळजी घेणे आणि इतरांशी संवाद साधणे यांत किती अडचण येते, एवढेच त्यात विचारले जाते. 'काहीच अडचण नाही', 'थोडी अडचण', 'खूप अडचण' आणि 'अजिबात करता येत नाही' अशी चार उत्तरे असतात, आणि अपंगत्व हा शब्द प्रश्नांत येतच नाही. किमान एका बाबतीत 'खूप अडचण' किंवा त्यापुढचे उत्तर आले, तर त्या व्यक्तीची गणना करायची, अशी शिफारस आहे. एखाद्या संस्थेने परस्पर 'थोडी अडचण' हाही निकष धरला, की टक्केवारी एकदम फुगते आणि दोन अहवालांची तुलना निरर्थक ठरते.

या संचाच्या मर्यादा मात्र प्रकल्पवाल्यांना कोणी सांगत नाही. चिंता, नैराश्य आणि एकूणच मनोसामाजिक अपंगत्व त्यात नीट पकडले जात नाही. त्यासाठी विस्तारित संच आहे. लहान मुलांसाठीही तो अपुरा पडतो, म्हणून युनिसेफबरोबर तयार केलेले २ ते १७ वर्षे वयोगटासाठीचे वेगळे प्रश्न २०१६ पासून उपलब्ध आहेत. बऱ्याच सर्वेक्षणांत कुटुंबप्रमुख सगळ्यांच्या वतीने उत्तरे देतो, आणि सुनेला किंवा म्हाताऱ्या आईला येणारी अडचण त्याच्या लेखी अडचणच नसते. शिवाय एक चूक अशी, की हेच सहा प्रश्न वापरून कोणाला लाभ द्यायचा हे ठरवले जाते, जे त्यांचे काम नव्हे. लाभ मिळणार हे कळताच उत्तरे बदलतात.

आणखी एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार जगात सुमारे १३० कोटी, म्हणजे १६ टक्के लोकांना लक्षणीय स्वरूपाचे अपंगत्व आहे. हा आकडा सरसकट प्रत्येक प्रकल्पाला लावला जातो आणि 'आमच्या शाळांत १६ टक्के अपंग मुले का नाहीत?' असा प्रश्न निघतो. अपंगत्वाचे प्रमाण वयानुसार वाढते. युनिसेफच्या २०२१च्या अंदाजानुसार मुलांमध्ये ते साधारण दहात एक, म्हणजे जगभरात जवळपास २४ कोटी मुले, इतके आहे. चुकीचे लक्ष्य समोर ठेवले, की क्षेत्रीय कर्मचारी ते गाठण्यासाठी चष्मा लावणारी मुलेही मोजू लागतात.

ओळंबा

मी बांधकामाच्या बाजूने भर घालतो. आमच्या व्यवसायात जे बीओक्यूमध्ये, म्हणजे कंत्राटातील कामांच्या परिमाण-तक्त्यात, नाही, ते जागेवर होत नाही. प्रकल्पाच्या उद्दिष्टांत 'सर्वांसाठी सुलभ इमारत' असे कितीही ठळकपणे लिहिलेले असले, तरी रॅम्पचे कठडे, दरवाजाची रुंदी, स्वच्छतागृहातील आधारदांडे आणि अंध व्यक्तींसाठी फरशीवरील स्पर्शमार्ग या बाबी परिमाणासह तक्त्यात नसतील, तर कंत्राटदाराला दोष देता येत नाही आणि देखरेख करणाऱ्या अभियंत्यालाही त्या अडवून मागता येत नाहीत.

जागतिक बँकेचा उल्लेख येथे करायला हवा, कारण तिची पर्यावरणीय आणि सामाजिक चौकट ऑक्टोबर २०१८ पासून लागू झाली असून तिच्या चौथ्या मानकात जनतेच्या वापरातील नव्या इमारतींसाठी सार्वत्रिक सुलभतेची अपेक्षा आहे. पण त्या अपेक्षेला 'तांत्रिक आणि आर्थिकदृष्ट्या शक्य असेल तेथे' अशी शेपटी जोडलेली आहे. शक्य आहे की नाही, हे ठरवण्याची वेळ बहुधा आराखडा पक्का झाल्यानंतर येते, आणि तेव्हा सगळेच महाग झालेले असते. जोत्याची उंची ठरवतानाच विचार केला, तर रॅम्पचा प्रश्न कित्येकदा उद्भवतही नाही. जोते उंच ठेवून नंतर जागा शोधायची म्हटले, की १:१२ या सर्वसाधारण मान्य उताराने प्रत्येक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. तेवढी जागा उरलेली नसते, मग घसरगुंडीसारखा उतार बांधून छायाचित्र काढले जाते आणि ते अहवालात चिकटवले जाते.

माझ्या मते शेवटचा हप्ता सुलभतेच्या तपासणीशी बांधणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. तपासणी व्हीलचेअर वापरणाऱ्या आणि अंध व्यक्तींनी मिळून करावी, आणि ती एकट्या इमारतीची न करता रस्त्यापासून वर्गखोलीपर्यंत व तेथून स्वच्छतागृहापर्यंतच्या सगळ्या वाटेची करावी. मधला एक टप्पा तुटला, तर बाकीचा खर्च वाया जातो.

तिरकस

थोडा विरोधी सूर लावतो. 'सगळीकडे समावेशन' म्हटले, की जबाबदारी कोणाचीच राहत नाही. रस्ते खात्यातला माणूस म्हणतो की हे समाजकल्याणचे काम आहे, आणि समाजकल्याणचा म्हणतो की आता हे सर्वांचेच काम आहे. शिवाय निधी आटतो आहे, हे आपण विसरून कसे चालेल? अमेरिकेची विकास साहाय्य संस्था यूएसएड जुलै २०२५ पासून स्वतंत्र संस्था म्हणून उरलेली नाही, आणि ब्रिटनने आपले साहाय्य २०२७ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले आहे. अशा वेळी थोडा पैसा प्रत्येक प्रकल्पात शिंपडण्यापेक्षा व्हीलचेअर, श्रवणयंत्रे आणि कृत्रिम अवयव यांवर एकत्रितपणे खर्च का करू नये? जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२च्या अहवालाप्रमाणे जगात २५० कोटींहून अधिक लोकांना किमान एका साहाय्यक साधनाची गरज आहे आणि सुमारे १०० कोटींना ते मिळत नाही. ही गरज निदान मोजता येते आणि भागवताही येते.

दीर्घिका (धागालेखक)

तिरकस, जबाबदारी पातळ होते हा आपला आक्षेप मला मान्य आहे. निष्कर्ष मान्य नाही.

या क्षेत्रात ज्याला दुहेरी मार्ग म्हणतात, त्याची मांडणी ब्रिटनच्या तत्कालीन विकास खात्याने २००० सालीच केली होती. सर्वसाधारण कार्यक्रम सर्वांना वापरता येतील असे करायचे आणि त्याच वेळी अपंग व्यक्तींच्या खास गरजांसाठी स्वतंत्र खर्चही करायचा, असे हे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग सोडला, तर व्हीलचेअर मिळालेल्या मुलीला शाळेच्या पायऱ्यांपाशी थांबावे लागते. दुसरा सोडला, तर शाळा सुलभ होते आणि मुलगी घरीच राहते. यांपैकी एकच निवडायचा, असा प्रश्न आला की मला त्यामागे बहुतेक वेळा एकाच खात्याचे अंदाजपत्रक दिसते.

साधने 'वाटण्याविषयी' मात्र सावध राहायला हवे. एकाच मापाच्या खुर्च्यांचे मोठ्या समारंभात वाटप होते, आणि माप न घेता दिलेल्या खुर्चीमुळे मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तीला दाबाच्या जखमा होतात. त्या जीवघेण्याही ठरू शकतात. मोजमाप, जुळवणी, वापराचे प्रशिक्षण आणि दुरुस्ती हा साधन पुरवण्याचाच भाग आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८च्या व्हीलचेअरविषयक मार्गदर्शिकेत सांगितलेले होते. दुरुस्तीसाठी पैसे ठेवलेले प्रकल्प आजही विरळाच आहेत. तेव्हा ही गरज मोजता येते हे खरे. पण वाटलेल्या खुर्च्या मोजल्या म्हणून ती भागली, असे होत नाही.

निधीच्या टंचाईचा युक्तिवाद उलटही करता येतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दहा देशांच्या अभ्यासात, अपंग व्यक्तींना रोजगारातून वगळल्यामुळे होणारे नुकसान सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ३ ते ७ टक्क्यांच्या घरात असल्याचा अंदाज होता. हक्काचा प्रश्न उत्पादकतेच्या हिशेबावर अवलंबून ठेवणे मला आवडत नाही, कारण ज्यांना कमावता येणार नाही त्यांचाही हक्क तेवढाच आहे. पण अर्थखात्याशी बोलताना हा आकडा उपयोगी पडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

स्पर्शलिपी

मी अपंग व्यक्तींच्या संघटनेत काम करते आणि हा धागा स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीवर, वाचते आहे. वरच्या चर्चेत आमचा उल्लेख मोजण्याचे, बांधण्याचे आणि देण्याचे विषय म्हणून आला; इमारत तपासायला ओळंबा यांनी बोलावले, तेवढा अपवाद. ठरवणारे म्हणून आम्ही कुठे आहोत, हेही पाहू या.

कराराच्या चौथ्या कलमाच्या तिसऱ्या उपकलमाप्रमाणे, आमच्याशी संबंधित निर्णय घेताना अपंग व्यक्तींशी त्यांच्या प्रातिनिधिक संघटनांमार्फत विचारविनिमय करणे शासनांवर बंधनकारक आहे. करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने २०१८च्या सातव्या सर्वसाधारण भाष्यात आणखी एक भेद स्पष्ट केला. अपंग व्यक्तींनी स्वतः चालवलेल्या संघटना वेगळ्या आणि अपंग व्यक्तींसाठी इतरांनी चालवलेल्या संस्था वेगळ्या. देणगीदारांच्या बैठकांना बहुधा दुसऱ्या प्रकारच्या संस्था हजर असतात, कारण त्यांच्याकडे कार्यालय असते, इंग्रजीत प्रस्ताव लिहिणारी माणसे असतात आणि लेखापरीक्षित हिशेब असतात.

आम्हाला बोलावले जाते, तेव्हा कसे बोलावले जाते, तेही सांगते. आराखडा स्कॅन केलेल्या पीडीएफच्या रूपात येतो, जो स्क्रीन रीडरला कोऱ्या पानासारखा असतो. कर्णबधिर सहकाऱ्यांसाठी दुभाषी असेल का, हे विचारल्यावर 'तशी तरतूद नाही' असे उत्तर मिळते. बौद्धिक अक्षमता असलेल्या सदस्यांसाठी सोप्या भाषेतील मसुदा कोणी तयार केलेला नसतो, आणि अंधबधिर व्यक्तींचा विचार तर यादीतसुद्धा नसतो. सल्लागाराला त्याच्या प्रत्येक दिवसाचे मानधन मिळते. आमच्या वेळेचे मोल चहा आणि प्रवासखर्च एवढ्यात आटोपते. शेवटी अहवालात 'अपंग व्यक्तींच्या संघटनांशी सल्लामसलत करण्यात आली' असे वाक्य येते आणि त्या वाक्याच्या बळावर वर चर्चिलेला १ हा गुणही मिळू शकतो.

निधीच्या अटींविषयी मला सर्वांत अधिक राग आहे. अनेक वर्षांचे लेखापरीक्षण, किमान वार्षिक उलाढाल आणि आधीच्या मोठ्या अनुदानांचा अनुभव या अटी लहान संघटनेला सुरुवातीलाच बाहेर काढतात. मग अनुदान एखाद्या मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेला मिळते आणि ती आम्हाला एखाद्या उपक्रमापुरते उपकंत्राट देते, ज्यात संघटना चालवण्याचा खर्च धरलेला नसतो. दुसरा मार्ग अशक्य नाही. २००८ पासून काम करणारा डिसॅबिलिटी राइट्स फंड अपंग व्यक्तींच्या संघटनांनाच थेट अनुदान देतो, आणि निर्णयांतही अपंग कार्यकर्त्यांना स्थान देतो.

तिरकस यांना एक सांगते. स्वतंत्र खर्च म्हणजे आपोआप चांगला खर्च, असे समजू नये. निवासी संस्थांच्या इमारती दुरुस्त करण्यासाठी, खाटा वाढवण्यासाठी आजही साहाय्य दिले जाते. हा पैसा पूर्णपणे अपंग व्यक्तींवर खर्च होतो, आणि तरीही तो कराराच्या १९ व्या कलमाशी, म्हणजे समाजात राहून स्वतंत्रपणे जगण्याच्या हक्काशी, विसंगत आहे. समितीने २०२२ मध्ये संस्थामुक्तीविषयी (अपंग व्यक्तींना निवासी संस्थांतून समाजात आणण्याविषयी) मार्गदर्शक तत्त्वे काढून अशा गुंतवणुकीला स्पष्ट विरोध केला. किती खर्च झाला, याआधी कशावर झाला, हे विचारायला हवे.

तिरकस

निवासी संस्थांचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. 'एकत्रित खर्च' या माझ्या सूचनेला त्यामुळे अट जोडावी लागेल, हे मान्य करतो. तरी एक प्रश्न शिल्लक राहतो. समावेशनासाठी प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात किती रक्कम धरावी, याचा काही ढोबळ आडाखा आहे का? रक्कम सांगितल्याशिवाय वित्त विभागातला माणूस पान उलटतो.

शेरेबुक

मी प्रकल्पांचे मूल्यमापन करतो. आडाखा आहे. एकूण अंदाजपत्रकाच्या ३ ते ५ टक्के रक्कम समावेशनासाठी राखावी, असा सल्ला या क्षेत्रात सर्रास दिला जातो. तो नियम नाही आणि प्रकल्पाच्या स्वरूपाप्रमाणे बदलतो; पण आराखड्याच्या टप्प्यावर काहीतरी आकडा असणे, हा काहीच नसण्यापेक्षा फार मोठा फरक असतो.

त्या रकमेचे दोन भाग वेगळे ठेवावेत. सुलभता ही आधीपासून करून ठेवायची गोष्ट आहे, आणि ती त्या त्या खर्चाच्या बाबीतच धरावी: संकेतस्थळाच्या कंत्राटात, इमारतीच्या बीओक्यूमध्ये, प्रशिक्षणाच्या साहित्यात. वाजवी सोय ही विशिष्ट व्यक्तीने मागितल्यावर द्यायची गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी स्वतंत्र ओळ लागते. सांकेतिक भाषेचे दुभाषी (लांब बैठकीला दोघे, कारण एकाला सलग तासन्‌तास काम करता येत नाही), मदतनीसाचा प्रवास, बोलणे त्याच वेळी पडद्यावर लिहून दाखवणे, ब्रेल प्रती हे सारे त्यात येते. वाजवी सोय नाकारणे हा कराराच्या दुसऱ्या कलमानुसार भेदभावच आहे, त्यामुळे 'तरतूद नाही' हे उत्तर केवळ गैरसोयीचे नसून हक्काच्या विरोधात जाणारे आहे.

या ओळीविषयी दोन व्यवहारी सूचना. पहिली म्हणजे, ती रक्कम खर्च करण्याचा अधिकार क्षेत्रीय व्यवस्थापकाला असावा. मुख्यालयाची मंजुरी येईपर्यंत बैठक होऊन गेलेली असते. दुसरी, वर्षअखेर रक्कम शिल्लक राहिली तर 'गरज नव्हती' असा शेरा मारून पुढच्या वर्षी ती कापू नये. ती ओळ अस्तित्वात आहे, हे कोणाला कळवले होते का, याची आधी चौकशी करावी. मी पाहिलेल्या प्रकल्पांत आमंत्रणपत्रावर 'आपल्याला कोणती सोय लागेल?' हा प्रश्न छापलेला असला, तरच ही रक्कम वापरली गेलेली दिसते.

आपत्तीच्या वेळच्या मदतकार्याचा विषय येथे राहून गेला आहे. त्यासाठी कराराचे ११ वे कलम आणि मानवतावादी संस्थांच्या आंतरसंस्था स्थायी समितीची २०१९ची मार्गदर्शिका आहे. तेथे आराखड्याला वेळच नसतो, म्हणून निकड आणखी मोठी. त्यावर वेगळा धागा निघावा.

दीर्घिका (धागालेखक)

वेगळा धागा जरूर निघावा. शेरेबुक, एक शेवटची विचारणा आहे. मूल्यमापनाच्या कार्यकक्षेत (काय तपासायचे, हे ठरवणाऱ्या कागदात) हे सगळे येत नाही, अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकते. चिन्हांकनात १ गुण घेतलेल्या प्रकल्पाचे मूल्यमापन करताना आपल्याला त्या गुणाचा पडताळा घेता येतो का?

शेरेबुक

कार्यकक्षेत लिहिलेले असेल तरच, आणि बहुधा लिहिलेले नसते. गुण आराखड्याच्या वेळी उद्देशावर दिला जातो. प्रकल्प संपल्यावर तो मागे घेण्याची पद्धत मी तरी पाहिलेली नाही. आता माझ्याकडे कार्यकक्षेच्या मसुद्यावर शेरा मागितला, की मी तीन प्रश्न घालून पाठवतो. हा गुण कोणत्या उपक्रमाच्या आधारे घेतला? त्या उपक्रमावर प्रत्यक्ष किती खर्च झाला? अपंग व्यक्तींच्या कोणत्या संघटनेने तो तपासला, आणि त्या कामाचे तिला पैसे मिळाले का? काही कार्यालये हे प्रश्न गाळून मसुदा परत पाठवतात, काही ठेवतात. जिथे ते ठेवले गेले, तिथे पुढच्या प्रकल्पाचा आराखडा करणाऱ्यांनी खर्चाची ओळ आधीच घातलेली आढळली, कारण शेवटी कोणीतरी विचारणार, हे त्यांना ठाऊक होते.